आखाजीचं बोलणं सुरतेला कसं पोचलं?

«ताई, मागच्या दिवाळीला आमच्या मालकांनी मला नवा फोन आणून दिला. ते सुरतेला कापडाच्या मार्केटात कामाला आहेत, महिन्यातून दोनदा घरी येतात. ‘तुला यातलं कळत नाही, मीच सगळं लावून देतो’ म्हणाले आणि रात्रभर फोन त्यांच्याजवळच ठेवला. तेव्हापासून मी कोणाला फोन केला, बाजारात किती वेळ थांबले, सगळं त्यांना ठाऊक असतं. आधी वाटलं सासूबाई सांगत असतील. पण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी गेले तेव्हा झोक्यावर बसून आईला मनातलं सांगितलं. अहिराणीत, हळू आवाजात. फोन पिशवीत होता, कोणाशी बोलणं चालू नव्हतं. आठ दिवसांनी मालक आले आणि माझेच शब्द त्यांनी मला ऐकवले. असं होऊ शकतं का, की मलाच भास होतोय? दुकानातला पोरगा म्हणतो, फॉरमॅट मारून देतो. मालक म्हणतात, लपवण्यासारखं काही नाही तर भीती कशाची? फोन विहिरीत टाकावासा वाटतो, पण बचत गटाचं सगळं काम त्याच्यावरच आहे. उत्तर भाचीच्या फोनवर वाचेन. – एक बहीण, खानदेश»

ताई,

तुम्ही पत्र कागदावर लिहून पोस्टानं पाठवलंत आणि उत्तर भाचीच्या फोनवर वाचताय, हे फार बरं केलंत. तुमची ओळख पटू नये म्हणून पत्रातल्या काही गोष्टी मी बदलून छापल्या आहेत. कोणत्या, ते तुम्हाला कळेलच. आता एक विनंती. हे पूर्ण वाचून होईपर्यंत तुमच्या फोनला काही करू नका. पुसू नका, बंद करू नका, दुकानात नेऊ नका. का ते पुढे सांगते.

तुम्हाला भास होत नाही. पिशवीत पडलेला, कोणाशीही जोडलेला नसलेला फोन आजूबाजूचं बोलणं टिपू शकतो. त्यासाठी लागणारं ॲप फोन हातात असला तर काही मिनिटांत बसवता येतं, आणि तुमचा फोन तर अख्खी रात्र दुसऱ्याच्या हातात होता.

हे चालतं कसं, ते नीट समजून घ्या, कारण समजलं की निम्मी भीती जाते. आपण प्ले स्टोअरवरून ॲप घेतो तेव्हा गूगल थोडीफार तपासणी करतं. जोडीदारावर नजर ठेवणारी ॲप तिथं चालत नाहीत, म्हणून ती बाहेरून, एखाद्या वेबसाइटवरून फाइल उतरवून बसवतात. बसवणारा आधी प्ले प्रोटेक्ट ही राखण बंद करतो आणि अनोळखी ठिकाणचं ॲप घ्यायची मुभा चालू करतो. मग ॲप एकेक परवानगी मागतं – माइक, ठिकाण, संपर्क, मेसेज – आणि बसवणारा प्रत्येक ठिकाणी ‘हो’ दाबतो. फोनच्या दृष्टीनं हे सगळं मालकिणीनंच केलेलं असतं. सगळ्यात वाईट परवानगी ॲक्सेसिबिलिटीची. ती मुळात ज्यांना दिसत नाही किंवा बोटं नीट चालत नाहीत त्यांच्यासाठी केलेली सोय आहे. फोन त्यांना पडद्यावरचं वाचून दाखवतो, त्यांच्या वतीनं बटणं दाबतो. हीच मुभा हेरगिरीच्या ॲपला मिळाली की तुम्ही टाइप केलेलं, व्हॉट्सॲपवर वाचलेलं, सगळं त्याला दिसतं. लोक मला विचारतात, व्हॉट्सॲपला तर कुलूप असतं ना? असतं, पण ते वाटेतल्या चोरासाठी. संदेश तुमच्या पडद्यावर उघडला की कुलूप निघालेलंच असतं, आणि हा चोर पडद्यामागेच बसलेला आहे.

शेवटी ॲप आपलं चिन्ह लपवतं, किंवा ‘सिस्टिम सर्व्हिस’, ‘वाय-फाय’ असं कोणाच्या लक्षात न येणारं नाव घेतं. दिवसभर जमवलेलं इंटरनेटवरून कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरवर जातं, आणि ज्यानं पैसे भरलेत तो सुरतेत बसून ते एका पानावर बघतो: हा फोन कोणाला केला, हा नकाशावरचा ठिपका, हे अमुक वेळचं ध्वनिमुद्रण. तुमच्या आईनं ‘पोरी, तुले काय व्हयनं?’ विचारलं असेल आणि तुम्ही रडत उत्तर दिलं असेल, तर तेही तिथं फाइल म्हणून पडलेलं असणार. हे लिहिताना मला संताप येतोय, तो मी लपवत नाही.

पण घाईनं ठरवू नये म्हणून दुसरी बाजूही बघू. पुष्कळदा हेरगिरीचं ॲप नसतंच. नवऱ्याच्या फोनमध्ये बायकोचा जीमेल उघडा असतो. गूगल मॅप्समध्ये ‘ठिकाण शेअर’ कायमचं चालू करून ठेवलेलं असतं. व्हॉट्सॲप एकाच वेळी मुख्य फोनशिवाय आणखी चार उपकरणांवर चालतं, आणि ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये एखादा संगणक निवांत जोडलेला असतो. तुम्ही कोणाशी बोललात, बाजारात कधी होतात, हे एवढ्यानंही कळू शकतं. आखाजीचं बोलणं मात्र यातल्या कशानंही कळत नाही. तिथं दोनच शक्यता उरतात: झोक्याच्या आसपास असलेल्या कोणीतरी सांगितलं, किंवा फोननं ऐकलं. कोण कोण होतं ते एकदा शांतपणे आठवून बघा. शब्द न् शब्द तोच होता असं तुम्ही लिहिता, म्हणून माझा कल दुसरीकडे आहे.

फोन तापतो, बॅटरी लवकर उतरते, नेटपॅक संपतो, ही लक्षणं लोक सांगतात. त्यावर फार विसंबू नका. वैशाखात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा प्रत्येकाच्या खिशातला फोन तापतो. आणि सातपुड्याच्या पायथ्याशी रेंज शोधता शोधता चांगल्या फोनचीही बॅटरी संपते. त्यापेक्षा एक खूण जास्त भरवशाची आहे. फोनची प्रणाली अँड्रॉइड १२ किंवा त्यापुढची असेल तर माइक किंवा कॅमेरा चालू असताना पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण उमटते. तुम्ही काहीच करत नसताना ती दिसली, तर वेळ आणि तारीख वहीत लिहून ठेवा. वहीतच, फोनमध्ये नको.

सेटिंग्जमध्ये बघायच्या जागा ठरलेल्या आहेत. ॲक्सेसिबिलिटीत ‘डाउनलोड केलेली ॲप’, फोनवर जास्तीचा ताबा दिलेल्या ॲपची म्हणजे ‘डिव्हाइस ॲडमिन’ची यादी, नोटिफिकेशन वाचायची मुभा कोणाला आहे ती यादी, आणि प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर दाबून प्ले प्रोटेक्ट चालू आहे की बंद. तिथं तुमच्या ओळखीचं नसलेलं नाव दिसलं, किंवा प्ले प्रोटेक्ट बंद केलेलं आढळलं, तर संशयाला आधार मिळतो. दुसऱ्या कोणाच्या फोननं त्या पडद्याचा फोटो काढा. कॉल दुसरीकडे वळवलेत का ते बघायला स्टार-हॅश-२१-हॅश लावतात. पण ताई, यातलं एकटीनं काही करायच्या आधी लक्षात घ्या की काही ॲप पडद्याचीच चित्रं पाठवत असतात. तुम्ही काय तपासताय तेही पलीकडे दिसू शकतं. म्हणून त्या फोनवर ‘हेरगिरीचं ॲप कसं काढायचं’ असं शोधू नका, हे पानही त्यावर उघडू नका, आणि तपासणी जाणत्या माणसासमोर करणं उत्तम.

दुकानातल्या पोराला मी म्हणूनच थांबवते. त्याचा हेतू चांगला असेल, आणि फॉरमॅटनं असं ॲप बहुतेक वेळा जातंही. पण फॉरमॅट झाला की तुमचा पुरावा गेला. शिवाय जीमेलचा पासवर्ड मालकांना ठाऊक असेल, तर फोन कोरा होऊनही ते आत शिरू शकतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: ॲप बंद पडलं की सुरतेतलं पान कोरं होतं. ज्याला रोज सगळं दिसायची सवय लागली आहे, त्याला अचानक काहीच दिसेनासं झालं तर तो काय करेल, हे तुमच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. ओरडेल? गाडी पकडून घरी येईल? हात उचलेल? याआधी कधी उचललाय का? तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत आणि मला सांगायची गरजही नाही. पण स्वतःशी खरं उत्तर द्या, आणि ते उत्तर भीतीचं असेल तर फोन जसा आहे तसाच राहू द्या. त्याच्यासमोर रोजचं, साधं तेवढंच बोला. महत्त्वाचं बोलायचं असेल तेव्हा तो घरी चार्जिंगला ठेवून जा. फोन बंद केला तर प्रश्न येईल. घरी विसरला तर सहसा येत नाही.

आता मालकांच्या त्या वाक्याकडे येते. लपवण्यासारखं काही नाही तर भीती कशाची. हे वाक्य मी शेकडो बायकांच्या तोंडून ऐकलंय, प्रत्येकीला कोणीतरी ऐकवलेलं. आखाजीला आपल्याकडे लेकी माहेरी का येतात? झोका, गौराईची गाणी हे आहेच, पण वर्षभर पोटात ठेवलेलं आईजवळ रितं करायला येतात. त्यात पाप काही नसतं. ते फक्त तिचं आणि आईचं असतं. आणि तुमच्या आईनं कुठे होकार दिला होता की माझी लेक माझ्याशी बोलेल तेव्हा तिसरा कोणी ऐकेल? हेरगिरी एका फोनवर होते, पण त्या फोनजवळ येणाऱ्या प्रत्येक माणसावर होते. तुमच्या बचत गटाचं बघा. बैठकीत कोणी हप्ता चुकल्याचं सांगते, कोणी नवऱ्यानं दारूत पैसे उडवल्याचं, कोणी गर्भपिशवी काढायला सांगितल्याचं. त्यातल्या एकीनंही तुमच्या मालकांना हे ऐकायची परवानगी दिलेली नाही. हे सांगून तुमच्यावर ओझं टाकत नाही. दोष ऐकणाऱ्याचा आहे. मात्र पुढच्या बैठकीपासून सगळ्याच फोनांची एक पिशवी करून दुसऱ्या खोलीत ठेवायचा नियम गटाला सुचवा. ‘मध्ये मध्ये वाजतात, हिशोब चुकतो’ एवढं कारण पुरे.

आणि ऐकणारे फक्त मालक असतात असंही नाही. ही ध्वनिमुद्रणं परक्या कंपनीच्या सर्व्हरवर पडून असतात, आणि या धंद्यातल्या कंपन्या स्वतःचं घर सांभाळण्यात फार हलगर्जी निघाल्या आहेत. पोलंडमधल्या लेटमीस्पाय नावाच्या ॲपचा सर्व्हर जून २०२३ मध्ये हॅकरांनी फोडला, पाळत ठेवलेल्या लोकांचे मेसेज आणि ठिकाणं बाहेर गेली, आणि त्याच वर्षी ते ॲप बंद पडलं. अमेरिकेत स्पायफोन या कंपनीवर तिथल्या व्यापार आयोगानं सप्टेंबर २०२१ मध्ये या धंद्यातच बंदी घातली. बायकोची काळजी म्हणून हे बसवणारा नवरा तिचं खाजगी बोलणं अशा लोकांच्या हवाली करतो. हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

तुमच्या भाचीनं पेगॅससचं नाव ऐकलं असेल, तर तिला सांगा की ते वेगळं. इस्रायलच्या एनएसओ ग्रुपचं ते हत्यार सरकारांनाच विकतो असं ती कंपनी म्हणते. त्यासाठी फोन हातात घ्यावा लागत नाही. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपच्या कॉलमधल्या त्रुटीतून ते सुमारे १,४०० फोनांवर सोडलं गेलं, कॉल उचलायचीही गरज नव्हती. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या समितीनं २९ फोन तपासले, ५ फोनांमध्ये घातक सॉफ्टवेअर सापडलं, ते पेगॅससच होतं हे मात्र सिद्ध झालं नाही. तुमच्या फोनमध्ये ते असण्याचं कारण नाही. तुमच्यावरची पाळत स्वस्त आहे, आणि स्वस्त आहे म्हणूनच ती गावागावांत पोचली आहे.

कायदा तुमच्या बाजूनं आहे, नवरा असला तरी. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये बाईच्या इंटरनेट, ईमेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संपर्कावर पाळत ठेवणं हा पाठलागाचा गुन्हा धरला आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास ३ वर्षांपर्यंत कैद. त्यात ‘नवरा सोडून’ असं लिहिलेलं नाही. दुसऱ्याच्या उपकरणात परवानगीशिवाय शिरण्याबद्दल माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ४३ आणि ६६ आहेत. आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात मानसिक छळही येतो. त्याखाली संरक्षण अधिकारी तुमचा अर्ज घेतात. एक गोष्ट कोणीतरी तुमच्या तोंडावर मारेल, म्हणून आधीच सांगते: जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं असा निकाल दिला की नवरा-बायकोचं गुपचूप मुद्रित केलेलं बोलणं घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून घेता येतं. मला तो निकाल बोचतो. पण पुरावा म्हणून वाचणं वेगळं आणि पाळत ठेवायला मोकळीक देणं वेगळं. आणि तुम्ही आईशी बोललात ते नवरा-बायकोचं बोलणंही नव्हे.

तक्रार करायचीच असं मी म्हणत नाही. संसार तुमचा, निर्णय तुमचा. कदाचित तुम्हाला एवढंच हवं असेल की हे थांबावं आणि घर टिकावं. त्यालाही आधी तयारी लागते.

तयारी अशी करा. भाचीच्या किंवा आईच्या फोनवरून १८१ या महिला हेल्पलाइनला फोन लावा. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर आहे, तिथं जायचं कसं ते विचारा. तिथं समुपदेशन, पोलीस आणि वकील यांची मदत एका जागी मिळते. वकिलाच्या पैशांची चिंता नको. बाईला उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदत मिळते, तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे किंवा १५१०० वर. जिल्ह्याच्या सायबर पोलिसांकडे फोन तपासायला न्यायचा तर तो आहे त्या स्थितीत न्यायचा. अंगावर यायची वेळ आली तर ११२, आणि तो आपल्या फोनवरून लावला तरी हरकत नाही.

मग सिमचं बघा. तुमचं सिम कोणाच्या नावावर आहे? मालकांच्या नावावर असेल तर त्याची दुसरी प्रत काढणं, ओटीपी मिळवणं त्यांच्या हातात आहे. शक्य होईल तेव्हा स्वतःच्या आधारवर एक नवं सिम घ्या आणि बटणांच्या साध्या फोनमध्ये घाला. तो फोन माहेरी ठेवा. भाचीच्या फोनवर नवं जीमेल उघडा, पासवर्ड कोणत्याही लेकराच्या वाढदिवसाचा नको. हे नवं दार तयार झाल्यावरच जुनं बंद करायचा विचार करायचा, आणि तो दिवस तुम्ही निवडायचा: मालक सुरतेला असताना, तुम्ही एकट्या नसताना, पुरावा बाहेर सुरक्षित असताना. तेव्हा जुना फोन फॉरमॅट करा आणि नव्या खात्यानंच सुरू करा. जुना बॅकअप परत घेऊ नका, त्यातून तेच ॲप पुन्हा येऊ शकतं. पडद्याचं कुलूप नव्या आकड्यांनी लावा आणि बोटाच्या ठशात दुसऱ्या कोणाचं बोट नोंदलेलं नाही ना ते बघा. झोपेत बोट टेकवून फोन उघडणारेही असतात, म्हणून मी तर ठशापेक्षा आकडेच बरे म्हणेन.

गटाच्या पैशांसाठी मात्र त्या दिवसापर्यंत थांबू नका. यूपीआयचा पिन फुटला आहे असंच धरून चाला. बँकेत जा, पासबुक भरून घ्या, दुसऱ्या एखाद्या सदस्याच्या फोनवरून व्यवहार करण्याचा ठराव करून घ्या. ‘माझा फोन अटकतो’ एवढं सांगितलं तरी चालेल. एखादी रक्कम कमी दिसली तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. पैशांच्या बाबतीत पहिले काही तास फार मोलाचे असतात.

विहिरीचं म्हणाल, तर नको. तो फोन आज तुमचा साक्षीदार आहे.

मालकांशी समोरासमोर बोलायचं ठरवलंत, तर एकटीनं, रात्री, बंद घरात नको. तुमच्या आईला किंवा ज्यांचं ते ऐकतात अशा कोणाला सोबत घ्या, आणि बोलण्याच्या आधी १८१ वाल्या ताईंना तारीख सांगून ठेवा.

पुढचं पत्रही कागदावरच लिहा. पाकिटावर पाठवणारीचा पत्ता नको. पत्राच्या खाली ‘झोक्यावरची बहीण’ एवढं लिहिलंत की मी ओळखीन.